थंडीतले तीन किलोमीटर

त्या हिवाळ्यात मी ट्रॅक पॅन्ट घालूनच झोपायचे. पायात मोजे, आणि बूट वाकळीच्या आत, पायथ्याशी. पहाटे पाचला बूट गार लागले तर मी उठणार नाही, हे मला स्वतःबद्दल एव्हाना कळलं होतं. एकदा उठले नाही की दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे, काहीतरी विसरल्यासारखी.

पोलीस भरतीचा फॉर्म मी नोव्हेंबरात भरला होता. मुलींना तीन किलोमीटर धावायचं होतं, आणि लागलेल्या वेळेप्रमाणे गुण होते. मैदानी चाचणी फेब्रुवारीत. हे घरात फक्त आईला माहीत होतं. बाबांना मी म्हटलं होतं, तब्येतीसाठी फिरायला जाते. मार्चपर्यंत माझं काही जमलं नाही तर मला बपेऱ्याला जावं लागणार होतं, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. तिथं मावशीच्या ओळखीतल्या एकानं दोन खोल्यांत इंग्लिश मिडियमची नर्सरी काढली होती आणि त्याला इंग्रजी बोलणारी टीचर हवी होती. मावशीनं माझं नाव सांगूनही टाकलं होतं.

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया फुटला तेव्हा बाबांची अर्धी कचेरी गोंदियाला गेली आणि बाबांची बदली पवनीला झाली. आम्ही भंडारा सोडून आसगाव रस्त्यावरच्या आमच्या गावी आलो. मी मात्र दहावीपर्यंत काकूकडे राहून भंडाऱ्याच्या कॉन्व्हेंटात शिकले. सुट्टीत घरी आले की पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बश्या घेऊन मलाच यावं लागे. "कॉन्व्हेंटची आहे," बाबा सांगत. मग पाहुणे म्हणत, "बेटा, अंग्रेजीत काही बोलून दाखव." मी बश्यांकडे पाहत उभी राहायचे. काय बोलायचं असतं, ते मला अजूनही कळलेलं नाही. बपेऱ्याला हे रोज, सकाळी दहा ते चार चालणार होतं. धावताना कोणी बोलून दाखव म्हणत नाही.

डिसेंबरात धुकं इतकं यायचं की विहारासमोरचा दिवा फक्त पिवळा डाग दिसे. आई दार उघडायला उठायची.

"कानाले बांध."

"बांधलंय."

"ओढणी घे वरून. गावाबाहेर गेली का कमरेले बांध, मले काय."

गावाबाहेर पडेपर्यंत मी ओढणी घेऊन सभ्य चालीनं चालायचे. गावाच्या टोकाला बस थांबते तिथं किलोमीटरचा दगड होता, 'आसगाव ५'. तिथं ओढणी कमरेला आणि घड्याळाचं बटण. पुढचा दगड, 'आसगाव ४', नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलाच्या अलीकडे होता, एका खळ्याला लागून. म्हणजे तिथवर एक, परत आले की दोन, पुन्हा गेले की तीन. इतका साधा हिशेब होता. कोणाला काही विचारावं लागत नव्हतं, हे त्यातलं सगळ्यात बरं होतं.

पहिला अर्धा किलोमीटर छातीत काचा गेल्यासारखं व्हायचं. नाक वाहायचं, डोळे वाहायचे, बोटं कोणा दुसऱ्याची वाटायची. रोज मनात एक भांडण चालायचं. आज पोट ठीक नाही. आज धुकं जास्त आहे, ट्रॅक्टर येईल. उद्या दुप्पट धावू. मला असं वाटे की थंडीला तोंड आहे आणि ती माझ्याच आवाजात बोलते. त्यावर मी एक उपाय काढला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेताच्या बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले होते, ताडपत्री पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. मी फक्त पुढच्या पुंजण्यापर्यंत धावायचं ठरवायचे. तो आला की त्याच्या पुढच्यापर्यंत. पण मग चुरणं, धानाची मळणी, सुरू झालं. मशीन एकेका शेतात जाऊ लागली, आणि रोज सकाळी एखादा पुंजणा कमी असायचा. जिथं थांबायची परवानगी मी स्वतःला दिली होती ती जागाच नसायची, नुसता पेंढ्याचा, तणसाचा ढीग.

'आसगाव ४' जवळच्या खळ्यावर धान राखणारे तीन-चार जण शेकोटी करून बसायचे. धुक्यातून मी आले की बोलणं थांबे, आणि मी वळले की सुरू होई.

"काहून धावून राहिली व? कोनाचं काही झालं का?"

"रोजच धावते थे. रोज कोनाचं काय होईन?"

"अवं, बस. चहा घे. पळून कुठं जाशीन, रस्ता आसगावलेच जाते."

मी मान खाली घालून दगडाला हात लावायचे आणि वळायचे. गर्विष्ठ म्हणत असतील, म्हणोत. तोंड उघडलं तर आवाज कसा निघेल याचीच मला खात्री नव्हती.

आणि वेळ सुधारत होती. नोव्हेंबरात सतरा मिनिटं लागली होती. डिसेंबर संपताना चौदा. जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी घड्याळात बारा मिनिटं चाळीस सेकंद दिसले. मी ते आकडे पुसले नाहीत. दिवसभर कणीक मळताना, भांडी घासताना मनगट वळवून पाहत राहिले. बपेऱ्याच्या त्या दोन खोल्या त्या दिवशी मला खूप लांब वाटल्या. त्यानंतर थंडीशी भांडण उरलं नाही. पाचच्या आधीच जाग यायची, आणि पाच वाजेपर्यंत पडून राहणं हेच कठीण व्हायचं.

चाचणीला बारा दिवस होते तेव्हा तिसऱ्या फेरीच्या शेवटी माझ्या पोटरीत गोळा आला. मी 'आसगाव ४' वर बसले. शेकोटीजवळ त्या दिवशी एकटा म्हातारा होता, खळ्याचा मालक. अंगावर घोंगडी, तोंडात बिडी.

"तिथं नको बसू, पोरी. दवानं भिजून आहे थो. इकडे ये."

मी लंगडत गेले. त्यानं तणसाची एक पेंढी पुढं सरकवली. मी पोटरी चोळत बसले.

"शुगर आहे का तुले?" त्यानं विचारलं.

"नाही."

"आमाले वाटलं शुगर आहे. डाक्टरनं सांगतलं असन. नाईतं इतक्या थंडीत कोन हाल करून घेते."

का कोण जाणे, मी सांगून टाकलं. भरती आहे, तीन किलोमीटर धावायचे आहेत, म्हणून या दगडापासून त्या दगडापर्यंत. बाबांनाही न सांगितलेलं मी त्याला सांगितलं. त्यानं बिडी तोंडातून काढली.

"या दगडापासून?"

"हो."

"थो तं आमी आनला."

मला कळलं नाही.

"नहराच्या कामात रस्ता खोदला न, तवा थ्या ठेकेदाराच्या मानसानं उपटून फेकला होता. नालीत पडला होता दोन साल. मंग आमी बंडीत टाकून आनला, चौघं लागलो. बैल बांधाले मस्त आहे. अक्षर रस्त्याकडे ठेवलं, सायबानं इचारलं तं सांगाले."

"आधी कुठं होता?"

त्यानं हात पुलाच्या पलीकडे केला. धुक्यात काहीच दिसत नव्हतं. "मोहाचं झाड आहे एक, वाकडं. तिथं."

मी पोटरी धरून तिथपर्यंत पावलं मोजत गेले. तीनशे अकरा. लिहिलेल्या गोष्टीवर माझा पहिल्यापासून विश्वास. दगडावर चार लिहिलं होतं, म्हणून तिथं चार होते. गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला हा दगड कोणी आणला ते माहीत असणार, कारण बैल त्यालाच बांधलेले असत. मी अडीच-तीन महिने त्या बैलांच्या शेणातून वळसा घालत होते. तीन फेऱ्यांत मिळून नऊशेच्या वर पावलं मी धावलेच नव्हते.

परत आले तेव्हा म्हातारा उभा होता. "उद्याच्याले नेऊन ठेवतो आमी परत तिथं," तो म्हणाला. "काई टेन्शन नको घेऊ. चौघं बोलावतो."

"नको, आबाजी," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी उठले नाही. तिसऱ्याही नाही. बूट वाकळीत गरम होते, मी त्यांना पायानं खाली ढकललं. आईनं चहा ठेवताना भांडं आदळलं. दुपारी मी तिला सगळं सांगितलं.

ती ऐकून घेऊन तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मंग किती होते?"

"काय?"

"खरंखुरं किती मिनिटात होते तुहं? धावून पाहिलं का?"

"नाही."

"मंग रडतेस कायच्यासाठी? पहिले पाह्य तं खरं."

चौथ्या दिवशी मी वाकड्या मोहापर्यंत धावले. पुलावरचा वारा नहराच्या पाण्यावरून येत होता, ओल्या फडक्यासारखा तोंडावर बसत होता. खळ्यावरचे सगळे उठून रस्त्याच्या कडेला उभे होते. म्हाताऱ्यानं त्यांना सांगितलं असणार.

"जाय व, अजून आहे. अजून आहे."

"तिकडून वारा आहे, वाकून पळ."

"तू काय शिकवतो? तुले बैलामागं पळता येत नाही."

सतरा मिनिटं. म्हणजे नोव्हेंबरातला आकडा. मी मोहाखाली वाकून उभी राहिले आणि मला हसूही येईना, रडूही येईना. उरलेले सगळे दिवस मी त्याच तीन फेऱ्या धावत राहिले, संध्याकाळीसुद्धा, ओढणी न घेता. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं. बाबांना चौकात कोणीतरी विचारलंच होतं, आणि घरी येऊन त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "सांगून केलं असतं तर बूट बरे घेऊन दिले असते."

भंडाऱ्याच्या मैदानावर त्या दिवशी आम्ही मुली पाठीवर नंबर लावून कुडकुडत बसलो होतो. माझ्या शेजारची मुलगी सतत पाय हलवत होती, मीही हलवत होते. पंधरा मिनिटं वीस सेकंद. नऊ दिवसांपूर्वी जे सतरा होतं त्यापेक्षा चांगलं, आणि यादीत यायला पुरेसं नाही. यादी लागली तेव्हा मी ती तीनदा वरून खाली वाचली. नाव नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. आई बोलत होती, हो, हो, विचारते, म्हणत होती. मी तिच्या हातातून फोन घेतला.

"मावशी, मी येत नाही."

"काहून व? जागा रिकामी ठेवली आहे त्यानं तुह्यासाठी."

"पुढच्या भरतीपर्यंत माझी दोन मिनिटं चाळीस सेकंद कमी करायची आहेत."

"काय करायची आहेत?"

मी तिला समजावून सांगितलं. नीट, पहिल्यापासून, पूर्ण वाक्यांत. बराच वेळ बोलले. आई दाराला टेकून ऐकत होती. मावशी शेवटी म्हणाली, "इतकं बोलता येते तुले, मंग टीचरच का होत नाही?" मी नाही म्हटलं. पुन्हा एकदा नाही म्हटलं, आणि फोन आईकडे दिला.

बाहेर ऊन चढायला लागलं होतं. उन्हाळ्यात आठ वाजताच रस्ता तापायचा, आणि फेऱ्या वाढवायच्या होत्या, म्हणजे आता पाचच्याही आधी निघावं लागणार होतं.