एकोणीस नंबरची रिंग

वहिनींचा फोन आला तेव्हा मी कसबा बावड्याच्या थांब्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते. पावणेसात वाजले असतील. एवढ्या सकाळी त्यांचा फोन कधी यायचा नाही, म्हणून मला वाटलं, अण्णांना आज रजा टाकायची असेल. वहिनी म्हणाल्या, "सुजाता, अण्णा गेले गं." आणि मी विचारलं, "कुठं?" आजही ते आठवलं की लाज वाटते. बस्तीतनं, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरातनं, दर्शन करून आले, घराच्या पायरीवर बसून चपला काढत होते, तिथंच कलंडले. वहिनी सांगत होत्या आणि मी नुसती 'हं, हं' म्हणत होते. तेवढ्यात बस आली आणि मी रोजच्यासारखी आत चढून बसले. दोन थांबे गेल्यावर ड्रायव्हरला म्हणाले, मला उतरायचंय.

याला आता सहा आठवडे झाले. आमच्या कारखान्यात सगळे त्यांना भूपाल अण्णा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचं एक छोटं युनिट आहे, मोठ्या कंपन्यांसाठी धातूचे बारीक भाग बनवणारं. अण्णा तिथले लेथ मशीनवरचे सर्वांत जुने टर्नर. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी मालकांनी त्यांना सोडलं नव्हतं. घर जैन, शेतकऱ्याचं. सकाळी शेतावर एक फेरी मारून कामावर यायचे. मी डिप्लोमा करून माप तपासणीच्या खोलीत लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी बनवलेला एक जॉब मापात बसत नाही म्हणून नापास केला. ते स्वतः खोलीत आले. "पावणं कुठलं म्हणायचं?" मी म्हणाले, बावड्याची. "मग परत एकदा मोजा की, बावड्याच्या मॅडम." मी परत मोजलं आणि परत नापास केलं. त्यांनी तो तुकडा उचलला, भंगाराच्या डब्यात टाकला आणि आपल्या मशीनवर परत गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ओल्या शेंगांची पिशवी होती. तिथून पुढं बारा वर्षं त्यांनी बनवायचं आणि मी मोजायचं, असं चाललं.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीकडून टायटॅनियमच्या बत्तीस रिंगांचं काम आलं. बोटातल्या अंगठीपेक्षा जरा मोठ्या, एवढ्याच. रिंगेच्या आराखड्यावर कुठं काही लिहिलेलं नव्हतं, पण मालक हळूच म्हणाले, हे अंतराळयानाचं काम आहे. मग काय… चहाची गाडी लावणाऱ्यापर्यंत बातमी गेली. माझ्या सासऱ्यांनी बावड्यात सगळ्यांना सांगितलं, मुलीनं शाळेत सांगितलं. अण्णा तेवढे गप्प होते. रोज दोन रिंगा करायचे, तिसरी नाही. प्रत्येक रिंगेला नंबर होता, आणि प्रत्येक नंबरासमोर तपासणी करणारी म्हणून माझी सही होती. बत्तीसच्या बत्तीस पास झाल्या. डब्यात कापूस घालून आम्ही त्या पाठवल्या, आणि नंतर वर्षभर त्यांचं पुढं काय झालं ते कुणी कळवलं नाही.

यानाच्या उड्डाणाची तारीख जाहीर झाली तेव्हा मालकांनी कॅन्टीनमध्ये टीव्ही लावला. सकाळी दहाची वेळ होती. मशिनी बंद करून आम्ही सगळे उभे होतो. पडद्याच्या कोपऱ्यात उलटे आकडे पळत होते. अकरा मिनिटं राहिली असताना ते आकडे थांबले. आधी आम्हाला वाटलं, टीव्हीच अडकला. मग निवेदिका म्हणाली, तांत्रिक अडचण आहे, वाट बघूया. तासभर ते आकडे तसेच अकरावर उभे. मग सांगितलं, आज उड्डाण नाही. कुणीतरी हसत म्हणालं, "आपली रिंग तर न्हाय की अडकली?" सगळे हसले. मीही हसले.

अर्ध्या तासानं अण्णा माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दार लावलं. "एकोणीस नंबर," ते म्हणाले. "ती करताना मशीनचा आवाज बदलला हुता. येक घडीभरच. मी तुला सांगितलं न्हाय." मी रजिस्टर काढलं. एकोणीस नंबरची मापं तीनदा घेतलेली, तिन्ही वेळा बरोबर. मी त्यांच्यापुढं पान धरलं. "माप बरोबरच असणार," ते म्हणाले. "पण आत चीर पडली आसंल तर ती मापात येती व्हय?"

त्यांचं म्हणणं होतं, कंपनीला आजच्या आज कळवायचं. मी म्हणाले, थांबा. का म्हणाले, त्याची कारणं मी स्वतःला पुष्कळ देते. अडचण कशात आहे ते अजून जाहीर झालं नव्हतं. पुढची कामं गेली असती. पण खरं कारण रजिस्टरात माझ्या अक्षरात होतं. अण्णांनी ते पान बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं. थांबू या."

त्यानंतर माझी झोप गेली. मुलगी विचारायची, आई, तुझी रिंग कधी जाणार. मी म्हणायचे, जाईल. डोळे मिटले की मला एक बारीक चीर दिसायची. बातम्यांत दुरुस्ती चालू आहे एवढंच यायचं, कशाची ते नाही. एके दिवशी अण्णांनी रजा टाकली आणि म्हणाले, जोतिबाला जाऊन येतो. मला नवल वाटलं. ते डोंगरावर गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. "मागायला जायला जात लागती व्हय?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी आले ते कागदाच्या पुडीत गुलाल घेऊन. तो माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आणि म्हणाले, "आता काळजी करू नकोस." चेहरा खरंच हलका वाटत होता. मला तर त्यांचा हेवा वाटला.

दुसरी तारीख आली आणि वाऱ्यामुळं गेली. त्या वेळी उलटे आकडे सुरूसुद्धा झाले नाहीत. तिसरी तारीख लागली तेव्हा अण्णा म्हणाले, "चल, तिथंच जाऊन बघू. टीव्हीत काय जीव रमंना." उड्डाण बघायला येणाऱ्यांची नोंदणी असते, तिथं मी फोनवरून आमची नावं नोंदवली. अण्णा, वहिनी आणि मी, दोन गाड्या बदलून, दीड दिवसाचा प्रवास करून, पूर्वेच्या किनाऱ्यावर पोचलो. वहिनींनी दशम्या आणि चटणी बांधून घेतली होती. हजारो माणसं बांधीव पायऱ्यांवर उन्हात बसलेली. दूर झाडीच्या वर एक पांढरी रेघ दिसत होती. तेच ते, असं शेजारच्या बाईंनी खुणेनं सांगितलं. आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना आमची. दुपारी दोनची वेळ होती. आठ मिनिटं राहिली असताना भोंग्यातून काहीतरी सांगितलं गेलं आणि आकडे पुन्हा थांबले.

त्या वेळची माझी अवस्था कशी सांगू… मी अण्णांना म्हणाले, "आता सांगूया. इथं कुणीतरी असेल, त्याला जाऊन सांगूया." त्यांनी माझं मनगट धरलं आणि खाली बसवलं. "बस गं. आपल्यामुळं न्हाय." मी म्हणाले, "तुम्हाला काय माहीत?" त्यांनी तोंड उघडलं… आणि पुन्हा मिटलं. वहिनी डब्याचं झाकण लावत होत्या, त्यांनी एकदा अण्णांकडं बघितलं. हे मला आता आठवतं. तेव्हा मी आकड्यांकडं बघत होते. चाळीस मिनिटांनी आकडे पुन्हा सुरू झाले, आणि मग झाडीच्या वर उजेड झाला. आवाज नव्हता. पांढरी रेघ वर चढताना दिसत होती आणि आवाजच नव्हता, मग तो एकदम आला, पोटात, छातीत, बसल्या पायरीत. अण्णा उभे होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पुसतही नव्हते. माझ्या कानाशी वाकून ते काहीतरी ओरडले. 'गेली' म्हणाले की 'गेलं' म्हणाले, मला नीट ऐकू आलं नाही. तेव्हा त्यानं काही फरक पडत नव्हता. परतीच्या गाडीत मी बसल्या बसल्या झोपले ती थेट घाटात जागी झाले.

अण्णा गेल्यावर तीन आठवड्यांनी मी वहिनींकडं गेले होते. चहा झाला. मी सहज म्हणाले, अण्णांची रिंग अजून वर चालली आहे बघा, वहिनी. त्यांनी कप खाली ठेवला. "तुला सांगू का नको, लई दिवस इचार करत हुते," त्या म्हणाल्या. "ते जोतिबाला म्हणून गेलते बघ, तवा आधी त्या कंपनीत गेलते. मशीनच्या आवाजाचं सगळं सांगितलं. त्यांनी फाईल काढली. आपल्या सगळ्या रिंगा जमिनीवर चाचणी घ्यायच्या यानात बसवल्या म्हणं. वर गेल्यात त्या दुसरीकडनं केलेल्या." मला कळेना, त्या काय बोलताहेत. "मग परत येताना डोंगरावर गेले," वहिनी म्हणाल्या, "खोटं नको म्हणून."

म्हणजे एकोणीस नंबर कुठंच गेली नाही. कुठल्यातरी शेडमध्ये एका न उडणाऱ्या यानात ती बसली आहे, आणि तिच्यामुळं कधीच काही थांबलं नव्हतं. अण्णांना हे माहीत होतं. मी दुसऱ्या तारखेची वाट बघताना माहीत होतं, तिसऱ्या तारखेला माझं मनगट धरलं तेव्हा माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर मी त्या रात्री झोपले असते. मी वहिनींना विचारलं, मला का नाही सांगितलं? "मी बी तेच इचारलं की. तर म्हणाले, त्या पोरीनं सही केलीया, तिच्या लेकीनं साळंत सांगितलंय. जाऊ दे वर एकदाचं."

मला अजून उलगडत नाही. कधी वाटतं, त्यांनी मला दोष आणि मान दोन्ही ठेवू दिले, कारण एक काढला तर दुसरा राहत नव्हता. मग लगेच राग येतो. हे ठरवणारे ते कोण? माझी झोप होती. आणि मग आठवतं की 'थांबा' मी म्हणाले होते, आणि ते मला न सांगता एकटे जाऊन सांगून आले, त्यात माझी सही असतानाही. त्या दिवशी त्यांनी माझं नाव घेतलं असेल का? वहिनींना ते माहीत नाही. आणि किनाऱ्यावर ते रडले ते कशासाठी? ज्या यानात आपलं काही नाही, त्याच्यासाठी माणूस इतका रडतो का… का आपलं काही नाही, म्हणूनच? ज्यांना विचारायचं ते तर पायरीवर चपला काढता काढता गेले.

शनिवारी शेवटचा अर्धा तास आमच्याकडं मशिनी पुसायचं काम असतं. उड्डाण झाल्यापासून त्या वेळी अण्णा हात पुसत मधोमध उभे राहायचे आणि यान कुठवर आलं ते सगळ्यांना सांगायचे, असं मला दत्ताकडून कळलं. दत्ता आता अण्णांच्या मशीनवर असतो. मी माझ्या खोलीत दार लावून रजिस्टर भरत असायचे, मला हे कधी माहीतच नव्हतं. गेल्या शनिवारी तो दारात येऊन उभा राहिला. हात अजून तेलाचे होते.

"मॅडम, अण्णा सांगायचे तसं सांगा की जरा. आपल्या रिंगा कुठवर पोचल्या आसतील?"

त्याच्या मागं पाच-सहा जण उभे होते. रिंगा वर गेल्याच नाहीत, हे अगदी ओठांवर आलं होतं. दत्ताच्या खिशाला, बरोबर वरच्या बाजूला, त्यानं त्या यानाचं वर्तमानपत्रातलं चित्र टाचणीनं लावलेलं होतं. कधीपासून होतं कुणास ठाऊक, तेलानं पार पारदर्शक झालेलं. मी पेन खाली ठेवलं. फोन उघडून बातमी शोधली, एकदा नीट वाचली, मग उठून बाहेर मशिनींच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि यान कुठवर पोचलंय ते सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं, मागं एक कॉम्प्रेसर चालू होता. रिंगांचं मी काही बोलले नाही. कुणी पुन्हा विचारलंही नाही. दत्ता म्हणाला, "लई लांब की." मी म्हणाले, व्हय… आणि त्याच्या हातातलं फडकं घेऊन अण्णांचं मशीन पुसायला लागले.