हातभर लांबीची पावलं

दामले भित्रे होते. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत त्यांच्या शेजारच्या खोलीत मी राहायला आलो, त्या पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून टेबल ओढल्याचा आवाज आला. सकाळी त्यांनी आपणहून खुलासा केला, "मी दाराला टेबल लावून झोपतो. इथे कोणी शिरणार नाही हे मला पटलेलं आहे, पण छातीला पटत नाही." वाईला बायको आणि रांगती मुलगी ठेवून हा माणूस नदीतल्या वाळूवर डॉक्टरेट करायला आला होता. इथली कुत्री, लिफ्ट आणि ट्राममधला तिकीट तपासनीस, सगळ्यांना तो सारखाच भीत असे.

आमच्या घरमालकीण फ्राऊ केलर रविवारी आम्हाला कॉफीला बोलवत. साठ सालच्या आसपासचे ते दिवस. वर्तमानपत्रांत हिमालयातल्या हिममानवाच्या ठशांचे फोटो येत. अमेरिकेच्या जंगलातही तसलाच कोणी बिगफूट फिरतो म्हणे, अशा बातम्या येत. आम्ही भारतातले, म्हणजे हिमालयाच्या परसातच राहतो, अशी बाईंची समजूत. त्या विचारत, "बरं का, हेर दामले, तुम्ही पाहिलाय का त्याला?" बर्फच मुळी जर्मनीत येऊन पाहिलेले दामले गंभीर होत. "ठसा दिसला एवढं खरं. आधी दिसलं काय ते सांगा, कोणाचं ते मागून." मी पडलो हिममानवाच्या बाजूचा. एवढे गिर्यारोहक खोटं कशाला बोलतील, असं माझं म्हणणं. वाद पार हमरीतुमरीवर येई आणि कॉफी गार होई.

एका हिवाळ्यात बाईंनी आम्हाला ब्लॅक फॉरेस्टमधल्या आपल्या माहेरी जेवायला नेलं. पोचलो तर त्यांचे म्हातारे वडील सकाळी लाकडं बघायला जंगलात गेलेले, ते दुपार कलली तरी परतले नव्हते. धुकं उतरत होतं. गावकरी ओढ्याच्या बाजूला शोधत होते, म्हणून आम्हाला वरच्या पायवाटेवर धाडलं. बाई दारात उभ्या होत्या. "अंधाराच्या आत सापडायला हवेत, नाहीतर गारठून जातील," एवढंच त्या म्हणाल्या.

वर गेल्यावर धुक्यात झाडंसुद्धा दिसेनात. आणि मग बर्फात ते ठसे दिसले. हातभर लांब, पुढे पाच बोटं, एकामागून एक वर जंगलात गेलेले. इतके दिवस मी ज्याची बाजू घेऊन भांडत होतो, तो खरोखर असावा असं मला मुळीच वाटत नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"मागे फिरू या," मी म्हणालो.

दामल्यांचे दात वाजत होते. त्यांनी माझी बाही घट्ट धरली. "दिसतंय काय ते सांगा."

मी कसंबसं सांगितलं. लांबी, बोटं. उजवीकडचे ठसे स्वच्छ, डावीकडचे फरफटलेले. दामले खाली वाकून बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "आमची शालू रांगोळीचा डबा सांडून त्यातून रांगत गेली होती, तेव्हा फरशीवर असंच उमटलं होतं. पुढे हाताची बोटं, मागे गुडघ्यापासून खालचा अख्खा पाय. अहो, हे कोणी चालत गेलेलं नाही. रांगत गेलंय. म्हातारबाबा आहेत."

"आणि नसले तर?"

"नसले तर काय करायचं ते मलाही ठाऊक नाही," म्हणाले आणि पुढे निघाले. हाक मारावी हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. लहानपणी घोकलेलं एक स्तोत्र दामले मोठमोठ्याने म्हणू लागले, आणि मीही त्यांच्या सुरात सूर मिसळला.

रचलेल्या ओंडक्यांमागे, वाऱ्याच्या आडोशाला म्हातारा सापडला. घोटा सुजून टम्म झालेला, चेहरा पांढराफटक आणि हातात उगारलेली कुऱ्हाड. आमचा आवाज त्याने केव्हाच ऐकला होता. पहिल्या महायुद्धात तो रशियाच्या आघाडीवर लढला होता. बर्फातून अनोळखी भाषा जवळ येऊ लागली की काय होतं, ते त्याने तिथे पाहिलं होतं. म्हणून मदतीची हाक न मारता तो श्वास रोखून बसला होता.

दामले त्याच्यासमोर बर्फात उकिडवे बसले, रिकामे हात पुढे केले आणि मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "तुमच्या मुलीने पाठवलंय. आम्ही तुमच्याकडे जेवायला आलोय." कुऱ्हाड खाली आली. म्हातारा लहान मुलासारखा रडला, आणि आम्हीही.

पुढे पदवी घेऊन दामले परत निघाले, तेव्हा फ्रँकफर्टच्या स्टेशनावर मी त्यांना विचारलं, "दामले, तिथे खरंच हिममानव निघाला असता तर?"

"तर तोही तसाच लाकडांमागे बसला असता," ते म्हणाले. "आपल्याला घाबरून."