काकांच्या बागेचा शेवटचा बहार

संत्र्याच्या बागांची वर्षभर निगा राखायची, हा माझा धंदा. मी औषधं विकत नाही, दुकानदाराकडून कमिशन घेत नाही आणि झाडाबद्दल खोटं बोलत नाही. गिऱ्हाइकं तुटतात ती या शेवटच्या गोष्टीपायी.

अमरावतीजवळच्या एका काकांची बाग माझ्याकडे होती. धुऱ्यापलीकडे, म्हणजे मधल्या बांधापलीकडे, त्यांच्या धाकट्या भावाची बाग. वाटणी झाल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं, पण दोघांचंही अर्धं लक्ष पलीकडच्या झाडांवर. त्या वर्षी पावसाचं पाणी साचून काकांच्या झाडांची मुळं सडली. मी उकरून दाखवली आणि बजावलं, यंदा ताण देऊ नका. बहार यावा म्हणून झाडाचं पाणी तोडतात, तो ताण. धडधाकट झाडाला तो सोसतो, आजाऱ्याला नाही. यंदा फळाचा नाद सोडा, झाड जगवू. काकांनी मान डोलावली, आणि भावानं पाणी तोडलेलं पाहताच आपलंही तोडलं.

बहार असा आला की पानं दिसेनात. काकांनी मला मुद्दाम बोलावून मजुरांसमोर माझी टिंगल केली. "मॅडम, तुमी तं बाग मारूनच टाकली होती." माझं डोकं फिरलं. मरणारं झाड कधी कधी असंच फुलतं, हे मी तिथल्या तिथं सांगितलं. काका हसले, म्हणून मजूरही हसले.

उन्हाळ्यात बाग उभी वाळली. झाडं उपटायला जेसीबी आला त्या दिवशी काकांनी मला पुन्हा बोलावलं. भाऊ धुऱ्यावर येऊन उभा होता. काका माझ्याजवळ सरकले. हळूच म्हणाले,

"त्याच्यासमोर सांगा, रोगानं गेली म्हणून. तेवढंच सांगा."

माणूस हात जोडायचाच काय तो बाकी होता. मला दया आली, पण ती हसणारी तोंडंही आठवली. भावाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "रोग बरा होणारा होता. पाणी तोडलं, म्हणून गेली." आजही मी तेच सांगेन.

भाऊ धुरा ओलांडून आला, उपटलेली खोडं पायानं उलटीपालटी करून पाहिली, आणि वाटणीनंतर पहिल्यांदा आपल्या भावाशी बोलला.

"दादा, सरपणाले नेऊ का?"

"ने," काका म्हणाले.