कापणीच्या फोटोत एकटी आक्काबाई

त्या वर्षी आमच्या गावात तीन पायांची घोडी दिसली की बायका हातातलं खुरपं टाकून उभ्या राहायच्या. आधी घोडी यायची, तिच्यावरच्या दुर्बिणीला साहेब डोळा लावायचा, मग मोजणीची साखळी यायची, चुन्याच्या खुणा पडायच्या आणि शेवटी जमीन घेतल्याची नोटीस. पिंपरीकडची रानं तशीच गेली होती आणि कारखाने आता भोसरी ओलांडून आमच्याकडं सरकत होते. त्यामुळं टेकडीवर जयसिंग ओव्हाळ घोडी रोवून उभा दिसला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, ‘मेला, हाही त्यातलाच.’

तसा तो परका नव्हता. गावच्या बुद्धवाड्यातला, कोंडीरामाचा थोरला. पिंपरीच्या एका कंपनीत रंगखात्यात होता. देहूरोडच्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्यानं दुकान बंद केलं, तेव्हा त्याचा लाकडी पेटीचा कॅमेरा, फोटो उतरायच्या काचा आणि घोडी हा सायकलवर बांधून घेऊन आला. लोक म्हणाले, बरं झालं, आता लग्नाबारशाला फोटो निघतील. पण हा माणसांचे फोटो काढेच ना. शिफ्ट संपली की टेकडी नाहीतर नदी. डोंगर काढ, कारखान्याच्या चिमण्या काढ, रिकामा रस्ता काढ. एक्याऐंशी साली वारला तोवर त्यानं दुसरं काही काढलं नाही. आता सांगा, रिकाम्या रानाचा फोटो कंपनीशिवाय कुणाला पाहिजे असतो?

माझा स्वभावच संशयी. दूधवाल्यासमोर मी दुधात बोट बुडवून बघते. एकदा ज्वारीत दडून मी जयसिंगावर नजर ठेवली. त्यानं कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढं एक काळी काच बसवली, डोळ्यावरचं झाकण काढलं आणि कॅमेऱ्याकडं पाठ करून विडी पेटवली. ज्याचा फोटो काढायचा त्याच्याकडं पाठ! विडी संपली तसं उठून झाकण लावलं. मी बाहेर आले आणि विचारलं, “काय मोजतूस रं?”

“उजेड,” तो म्हणाला.

“उजेड कुणी मोजतं व्हय?”

“काळ्या काचंतनं उजेड थेंब थेंब येतो, नीलाबाई. लई वेळ लागतो. तेवढ्या वेळात जे जागच्या जागी ऱ्हातं ते उतरतं. जे चालतं-हलतं ते न्हाई उतरत.”

मला तसूभरही पटलं नाही. मी सरळ त्याचं घर गाठलं. त्याची बायको कस्तुरा चुलीपाशी बसून कुरकुरत होती, कारण खिडकीला गोणपाट ठोकून यानं अर्धा स्वयंपाकच बळकावला होता. आत लाल कागद गुंडाळलेला दिवा. शेजारच्या पांढऱ्या दिव्याखाली, फोटोच्या काचेआड कोरा कागद ठेवून हा त्याच्यावर तळहात हलवत होता. म्हणाला, “खालचं रान हाताआड धरतोय, म्हंजी वरचं आभाळ गडद व्हईल.” मग फोटो उतरलेली एक काच उजेडाला धरून तिच्यावर पेन्सिल फिरवायला बसला. आभाळातून विजेची तार गेलेली होती, ती त्यानं माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी केली. मी घरी जाईपर्यंत निम्म्या गावाला सांगून झालं होतं की हा माणूस असलेलं नसल्यागत करतो.

आता आमच्या घरचं सांगते, म्हणजे मी एवढी का चवताळले होते ते कळेल. बाप माझ्या लहानपणीच गेला. चुलता अर्जुनराव कर्ता, म्हणून सगळ्या जमिनीचा कागद त्याच्या नावावर. वाटणी झाली ती तोंडी. विहिरीकडची पट्टी माझ्या आईची, आक्काबाईची. तिनं ती एकटीनं कसली, त्यात तिचा गुडघा गेला. जमीन घेण्याआधी सरकारचा साहेब पंचनाम्याला येणार होता आणि जागेवर जो राबतो त्याचं नाव भरपाईसाठी लिहिणार होता. आईचं नाव लागलं नाही तर तिचं या जगात काही नव्हतंच असं ठरलं असतं. मी आईला म्हणायचे, चुलत्यावर नजर ठेव. ती म्हणायची, “तुला कुंपणबी शेत खाताना दिसतंय.” दिसतच होतं मला.

माघात त्या पट्टीत ज्वारीची कापणी लागली; कापणीला घरचे सगळेच एकमेकांच्या रानात जायचे. चुलता, त्याचा गडी, आम्ही चारसहा बायका, बैलगाडी. आई गुडघ्यामुळं विहिरीच्या कठड्यावर बसून पेंढ्यांकडं बघत होती. जयसिंग टेकडीच्या उतारावर घोडी रोवून बसलेला. झाकण लावून झाल्यावर तहान लागली म्हणून खाली आला, आणि आईनं त्याला विहिरीचं पाणी स्वतः शेंदून दिलं. ते काहीजणांच्या डोळ्यांत खुपलं होतंच.

पंधरवड्यानं त्यानं तो फोटो नाक्यावरच्या केशकर्तनालयात लावला. अख्खं गाव बघायला लोटलं. फोटोत आमचं रान होतं, पेंढ्या होत्या, विहीर होती. उभी ज्वारी धुरागत झाली होती. आणि माणूस एक नाही. चुलता नाही, गडी नाही, बैल नाहीत, मी नाही. फक्त कठड्यावर आक्काबाई, लुगड्याच्या चुण्यांसकट.

चुलता खवळला. “पुसलं आमाला. रान पडीक हाय, हितं कुणी राबत न्हाई, असं दाखवायला कंपनीनं ह्याला पैसं चारल्यात.” लोकांना ते लगेच पटलं, कारण तार पुसल्याची बातमी मीच घरोघर पोचवली होती. पण गावाचा संशय तिथंच थांबेल तर गाव कसलं. कुणीतरी विचारलं, मग आक्काबाईच तेवढी कशी राहिली? पाणी पाजलं होतं ना तिनं? झालं, आई कंपनीला फितूर ठरली. दुसऱ्या दिवसापासून शेजारणी आईला बघून पदर सावरत आत जायला लागल्या. आई रडली. मला जयसिंगाचा गळा धरावासा वाटला.

दिवाळीनंतर साहेब आला. तलाठी, पंच, बघे, सगळे बांधावर. चुलता पुढं होऊन म्हणाला, “ही पट्टी मीच कसतो. वैनी बारा म्हैनं खेडला भावाकडं असती. आत्ता पैशाचा वास आला म्हून आलीया.”

साहेबानं विचारलं, “यांना इथं राबताना कुणी पाहिलंय?”

आई तिथंच उभी होती. रोज तिच्या विहिरीवरून पाणी नेणाऱ्या बायका उभ्या होत्या. त्या एकमेकींच्या आड सरकल्या. फितूर बाईसाठी कोण बोलणार? मी बोलले तर म्हणाले, ही लेक, हिची साक्ष कशाला.

गर्दीच्या मागून जयसिंग पुढं आला. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. साहेबानं तो उजेडाला धरून बघितला आणि विचारलं, “यात काही फिरवलंय का?”

नाही म्हण, मी मनात म्हटलं. एकदा खोटं बोल, मेल्या.

“व्हय साहेब,” जयसिंग म्हणाला. “आभाळ गडद केलंय. एक तार खोडलीया. माणूस घातलेला न्हाई.”

“तार काढता येते, तर बाई घालताही येईल,” साहेब म्हणाला आणि फोटो परत दिला. जयसिंगानं मान खाली घातली. आई खाली बसली. तलाठ्यानं पेनाचं टोपण काढलं.

आता चुलत्यानं गप्प बसावं की नाही? पण वर्षभराचा राग पोटात साठलेला, आणि साहेबासमोर तो काढायची संधी. फोटोकडं बोट करून म्हणाला, “घालतोय कशाची, साहेब! काढलंय त्यानं. आमी समदी हुतो तितं. औंदाच्या माघातली कापणी ही. मी, माजा गडी, बाया, बैलं, समद्यास्नी पुसलं. वैनी रोजच्यागत कठड्यावर बसली हुती, तिला तेवढी ठेवली.”

साहेबानं चुलत्याकडं बघितलं. “रोजच्यासारखी?”

चुलत्यानं फोटोवरचं बोट मागं घेतलं. “म्हंजी, तसं न्हाई...”

“आणि खेडला कोण राहतं मग?”

पंचांतला एक म्हातारा खाली बघून मिशीत हसला, आणि मग शेजारणींना एकाएकी कंठ फुटला. व्हय, आक्काबाईच कसती. व्हय, आमी रोज बघतो. मी त्यांना काय म्हणाले ते इथं सांगत नाही. साहेबानं आईचं नाव विचारलं, नवऱ्याचं विचारलं आणि ‘वहिवाट’ म्हणून लिहून घेतलं.

जयसिंगाचे आभार कुणी मानले नाहीत. गावानं त्याच्यावरचा संशयही सोडला नाही, फक्त विषय बदलला. फोटोत न येणारं माणूस फार जगत नाही, अशी नवी आवई उठली. मी मात्र त्याच्या घरी जाऊन विचारलं, खोटं का नाही बोललास? तो म्हणाला, “पुन्यांदा काढायचा हाय की मला फोटो.” या उत्तरात काय दडलंय याचा मी बरीच वर्षं विचार केला. काही दडलेलं नसावं.

पुढच्या वर्षी नोटीस आली. जमीन जायचीच होती, ती गेली. विहीर बुजली, तिच्यावर आता एका कंपनीचं गोदाम आहे. पोस्टमन नोटीस घेऊन आला तेव्हा मी रडत, शिव्या देत ती वाचायला लागले. आईनं मला थांबवलं. म्हणाली, “बाकीचं ऱ्हाऊ दे. नाव कुणाचं हाय?”

“तुझं. आक्काबाई.”

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं. ती अक्षरांवरून बोट फिरवत राहिली, तिला वाचता येत नव्हतं तरी. मग म्हणाली, “गेली तर गेली बाई. माझी व्हती, म्हून गेली.”