बारशाला आले उधारीवाले

ज्या वर्षी मी जमाखर्चाच्या पेपरात कॉलेजात पहिला आलो, त्याच वर्षी बेळगावातल्या तीन माणसांना चुकवत हिंडत होतो.

आजची पोरं प्लास्टिकचं कार्ड खिशात घालून फिरतात. आमच्या वेळी ते पुठ्ठ्याचं होतं, गुलाबी रंगाचं, आणि ते आमच्या कँटीनचे अण्णा प्रत्येकाच्या नावानं बनवायचे. कार्ड अण्णांच्या गल्ल्यातच असायचं. चहा प्यायचा, त्यावर रेघ मारून घ्यायची, पैसे महिनाअखेर. मी निपाणीकडचा, वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बाईचा मुलगा. मला जन्मात कुणी उधार दिलं नव्हतं. त्या कार्डावर माझं नाव चढलं तेव्हा मला वाटलं, सरकारनंच आपल्याला मान्यता दिली! मग काय, "माझ्या नावावर मांडा अण्णा!" हे वाक्य म्हणायला मी इतका आतुर असायचो, की तहान नसलेल्या पोरांनासुद्धा ओढून न्यायचो.

चहा पाजणारा माणूस जुन्या पायजम्यात शोभत नाही. म्हणून वडगावच्या बाबूराव टेलरकडं बेलबॉटम शिवायला टाकली, उधारीवर. घेर सव्वीस इंच! (वारा सुटला की मी चालत नसे, वाहत जात असे.) एक पँट रोज घालून मळते, म्हणून दुसरीही टाकली.

महिनाअखेर आली तशी अण्णा कँटीनच्या दारात उभे राहू लागले. त्यांना चुकवायचं तर टिळकवाडीच्या कॉलेजातून वडगावच्या घरी लांबच्या वाटेनं यायला हवं. लांबची वाट चालून पाय दुखायला लागले. म्हणून रेल्वे फाटकाजवळच्या दस्तगीरचाचांकडून तासाच्या भाड्यानं सायकल घेऊ लागलो. तीही उधारीवर! म्हणजे एका उधारीपासून पळण्यासाठी मी दुसरी उधारी केली, आणि मग चाचांना चुकवण्यासाठी सायकल सोडून पुन्हा गल्लीबोळांतून पायी यायला लागलो.

राहायला मी आक्काकडं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडं होतो. भावजींचा घरातच हातमाग होता. शेवटी तिघांनीही मला एकाच आठवड्यात गाठलं. मी तिघांनाही सांगितलं, "रविवारी घरी या, सगळे देतो." कारण रविवारी पहाटेच्या बसनं मी गावाकडं पळणार होतो. व्यवस्था चोख होती.

शुक्रवारी आक्का म्हणाली, "रविवारी बाळीचं बारसं करायचं ठरलंय रं. वखारीला सुट्टी हाय, आई बी येणार. तू कुठं हलू नगंस."

रविवारी दुपारी पहिले अण्णा आले. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध. भावजी लगबगीनं पुढं झाले. "या या! कोण म्हणायचं आपण?"

"आमचे सर!" मी मधेच ओरडलो. "कन्नडचे!"

भावजी चौथीपर्यंत शिकलेले. प्रोफेसर घरी आला म्हटल्यावर ते सरळ पायाच पडले. अण्णा भांबावून म्हणाले, "एनप्पा इदु, हे काय?" (यानं त्यांचं कन्नडचे सर असणं पक्कं झालं.) तेवढ्यात बाबूराव आले. गळ्यात मापाची टेप तशीच.

"आनि ह्ये?"

"भूमितीचे," मी म्हणालो.

दस्तगीरचाचांचे हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे होते. त्यांना मी खेळाचे सर केलं. भावजींचा ऊर भरून आला. एकाच दिवशी तीन प्रोफेसर! त्यांनी तिघांना पाटावर ओळीनं बसवलं, आणि बाळीला आणून एकेकाच्या मांडीवर दिलं. "सर, आशीर्वाद द्या. पोरगी तुमच्यावानी शिकू द्या." तिघांनी मुकाट्यानं दिला.

पुरणपोळी वाढली गेली. माझी आई तुपाचं भांडं घेऊन पंगतीतून फिरत होती. दोन घास झाल्यावर बाबूरावांनी शेजारी हळूच विचारलं, "तुम्ही कशापायी आलाय?"

"उधारी आहे," अण्णा म्हणाले.

"माझी बी."

"मेरी भी," पलीकडून चाचा म्हणाले.

आईची तुपाची धार मधेच थांबली. मी दाराशी उभा होतो. धार किती वेळ थांबली होती सांगता येणार नाही. मला त्या वेळात माझं कॉलेज सुटलेलं, वखारीत पोती उचलतानाचा मी, सगळं दिसून गेलं. कारण तिच्या कमरेच्या चंचीत साठ रुपये होते आणि ते माझ्या परीक्षेच्या फीचे होते. दुसऱ्या दिवशी फी भरायची शेवटची तारीख.

मग धार पुन्हा सुरू झाली. आई म्हणाली, "पोटभर जेवा. मागनं बोलू." आणि अण्णांना आग्रह करून तिसरी पोळी वाढली.

जेवणं झाली. बायका आत पाळण्याशी गेल्या. आई मागाच्या खोलीत जाऊन विणताना पाय सोडतात त्या खड्ड्याच्या काठावर बसली, समोर तिघं, आणि मी खड्ड्यात उतरता येईल का ते बघत होतो.

"किती हुत्यात?" तिनं मला विचारलं.

"अण्णांचे अडुसष्ट. टेलरचे दोन पँटींचे पंचेचाळीस. चाचांचे बावीस." मी मनात बेरीज केली. "एकशे पंचवीस."

"एकशे पस्तीस," आई म्हणाली.

माझी आई शाळेची पायरी चढली नव्हती. आयुष्यभर वखारीत जुड्या मोजल्या होत्या तिनं.

तिघांची नजर तिच्या चंचीकडं होती. माझीही. तिनं चंची सोडली, पान काढलं, चुना लावला आणि चंची परत खोचली.

"ह्यातला एक पैसा म्या देणार न्हाय," ती म्हणाली. "केलंय त्येनं, फेडंल त्यो. पर आदी काय केलंय ते तर बघू. अण्णा, तुमचं कार्ड वाचा."

अण्णांनी कार्ड काढलं आणि आठवड्याप्रमाणं वाचत गेले. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्याला आले तशी आई म्हणाली, "थांबा. तवा किती?"

"बहात्तर चहा."

"तवा ह्यो तापानं फणफणून निपाणीत पडलेला. म्या उशाला बसून पेज पाजत हुते. मग बहात्तर चा कुनी पिला?"

अण्णा प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "दोस्त लोक यायचे, यम्मा. म्हणायचे, त्याच्या नावावर मांडा."

"मग ते पैसं त्यांच्याकडनं घ्या. चार आण्याला एक, म्हंजी अठरा रुपये. तुमचं ऱ्हायलं पन्नास."

मी जमाखर्चात पहिला आलेला माणूस! ते कार्ड तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि आजारपणातली रेघ एकदाही माझ्या लक्षात आली नव्हती. मी आईकडं बघत राहिलो. देवळात बघतात तसा.

ती बाबूरावांकडं वळली. "दुसरी पँट त्येनं नेली का?"

"न्हाय मावशी, दुकानातच हाय."

"मग इकून टाका कुनालाबी."

"पंचवीसला जाईल की. कालच एक जण विचारत हुता." बाबूराव स्वतःच खूश झाले. "माझं वीसच ऱ्हायलं!"

चाचांच्या बावीस रुपयांत तिला काही चूक सापडली नाही. "सायकल चालवलीया, पैसं द्यायचंच," ती म्हणाली. चाचांना आपला हिशेब पास झाल्याचा इतका आनंद झाला, की त्यांनी दोन रुपये आपणहून सोडायला काढले. आईनं सोडू दिले नाहीत. "फुकाट नगं. त्येची सवय लागंल."

एकशे पस्तीसचे ब्याण्णव झाले होते, तेही सुपारी चघळता चघळता. अण्णा हात जोडून म्हणाले, "यम्मा, तुम्ही आमच्या कँटीनच्या गल्ल्यावर बसा. पगार देतो."

"मला वखार हाय," आई म्हणाली.

मग माझी शिक्षा ठरली. रोज कॉलेजातून आल्यावर भावजींच्या मागासाठी सूत गुंडाळून कांड्या भरायच्या. आठवड्याला तीन रुपये मजुरी. ते रविवारी स्वतः चालत जाऊन द्यायचे, आधी बाबूरावांना, मग चाचांना, शेवटी अण्णांना.

"अण्णांचं मोठं हाय, ते आदी फेडू की," मी शहाणपणा केला.

"ल्हान आदी," आई म्हणाली. "येक तोंड मिटलं की दोनच ऱ्हात्यात. मान्साला दम येतो."

गुलाबी कार्ड तिनं चुलीत घातलं. सोमवारी फी भरायला ती स्वतः कॉलेजात आली. साठ रुपये तिनं खिडकीत दिले, माझ्या हाताला लागू दिले नाहीत, आणि पावती वाचता येत नसताना उलटसुलट करून शिक्का बघूनच खिडकी सोडली. इतकी खमकी बाई मी पुन्हा कुठं पाहिली नाही. पुढं मी बँकेत लागलो, कर्जाच्या टेबलावर बसलो, मोठमोठ्या साहेबांची वसुली बघितली. तुपाचं भांडं हातात धरून वसुली थोपवणारा साहेब मला अजून भेटायचाय.

(भावजींना मात्र ते तिघं प्रोफेसर नव्हते हे पटायला आठवडा लागला. भूमितीच्या सरांकडं त्यांनी सदरा शिवायला टाकला तेव्हा पटलं.)

कांड्या भरून भरून माझी बोटं सोलली. सातव्या आठवड्यात बाबूरावांचे वीस फिटले, आणि आईनं सांगितलेला तो दम खरंच आला. चौदाव्याला चाचा मोकळे झाले. सात महिन्यांनी अण्णांच्या हातावर शेवटचे दोन रुपये ठेवले. अण्णांनी त्या दिवशी फुकट चहा पुढं केला. मी घेतला नाही. माझी मान इतकी ताठ होती, की चहा घशाखाली उतरलाच नसता.

माझी कीर्ती कॉलेजभर पसरली. पोरं सल्ला विचारायला यायची आणि मी "ल्हान आदी" म्हणून सांगायचो. त्याच महिन्यात वर्गातल्या एका मित्राला हप्त्यानं ट्रान्झिस्टर घ्यायचा होता. दुकानदार म्हणाला, "जामीन असा आण, ज्याच्यावर एक पैशाची उधारी नाही." असा माणूस अख्ख्या वर्गात एकटाच होता. मी छाती पुढं काढून दुकानात गेलो आणि झोकात सही ठोकली. सही करताना मला जो अभिमान वाटला, तो काही विचारू नका!

परीक्षा झाली, मित्र ट्रान्झिस्टर घेऊन हुबळीला गेला तो गेलाच. आणि तो अभिमान मी पुढं दहा हप्त्यांत फेडला.