मामीचा आरसा

मामीला जुन्या वस्तूंचं वेड, त्यातही पक्षी असलेल्या. शिवणाचं मशीन थांबलं की ही जुन्या बाजारात. बाहेरच्या खोलीत पितळी मोर नि चिनी मातीचे बगळे, पाय ठेवायला जागा नाही. मागच्या महिन्यात तिने कोरीव पोपटांच्या चौकटीचा आरसा आणून परसातल्या भिंतीवर टांगला.

दुसऱ्याच दिवसापासून एक बुलबुल येऊन काचेवर चोच मारू लागला. “मेला नटवा, स्वतःच्याच प्रेमात पडलाय,” म्हणत मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवायची. आम्हीही हसायचो. तो वाळत चालला, तेव्हा ती आरशाखाली केळ्याचे तुकडे ठेवू लागली.

काल चौकट दुरुस्त करायला सुतार आला. काचेवरचे तांबडे ठिपके त्याने बोटाने पुसून पाहिले.

“हा नटत नाही, भांडतोय. दुसरा बुलबुल आपल्या जागेत घुसलाय, असं वाटतंय त्याला. चोच फुटलीय बघा.”

मामीने मशीनवरचं अर्धवट शिवलेलं कापड ओढून आणलं आणि आरशावर टाकलं. कुणाचं होतं, तेही पाहिलं नाही.

“खाऊ घालत होते मी त्याला,” ती म्हणाली. “रोज भांडायला बळ पुरवत होते.”