रस्त्याच्या मधोमध

आमच्या रस्त्याच्या मधोमध खड्डा आहे. कुणीतरी त्यात झाडाची फांदी खोचलीय. अलीकडची घरं एका मतदारसंघात, पलीकडची दुसऱ्यात. काल समोरच्या काकांचा पाय खड्ड्यात मुरगळला. आज काकू गॅलरीतून म्हणाल्या, "तुमच्या आमदारांना सांगा की. खड्डा तुमच्या बाजूला सरकलाय." मी वाकून पाहिलं. सरकला असेलही, नसेलही. शाई त्यांच्या बोटावर आहे, माझ्याही आहे. मग मी मत नक्की कशाला दिलं, माणसाला की अर्ध्या रस्त्याला? दोन्ही आमदारांचे आभाराचे फलक समोरासमोर लागलेत. दोघंही हसतमुखाने एकमेकांना हात जोडून उभे आहेत, आणि आम्ही मधून खड्डा चुकवत चाललोय.